तुम्ही विचारलंत म्हणून: ब्राइटनेस उतरवूनही स्क्रीन का सोसत नाही?

डोक्याला मार लागून सावरत असलेल्यांच्या घरून हा प्रश्न हमखास येतो. सीटी स्कॅन नॉर्मल, टाके निघाले, मोबाइलचा ब्राइटनेस तळाला नेलाय, तरी पाच मिनिटांत डोकं ठणकतं आणि मळमळतं. असं का?

कित्येकदा त्या तळाला नेलेल्या ब्राइटनेसमुळेच. ओलेड डिस्प्लेचे (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) बरेच फोन उजेड कमी करायला डिस्प्ले सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. ब्राइटनेस जितका खाली, तितका ‘बंद’चा वेळ जास्त. एरवी ही लुकलुक कळत नाही, पण दुखावलेल्या मेंदूला ती झेपेलच असं नाही. तपासायचं असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी आपल्या फोनच्या कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (सेटिंग हाताने बदलता येतं तो) शटर 1/1000 सेकंदाच्या आसपास ठेवून त्या फोनकडे बघावं. जाड काळे पट्टे सरकताना दिसले, तर ब्राइटनेस निम्म्याच्या वर न्या आणि अंधुकपणा सेटिंगमधून आणा: आयफोनवर ॲक्सेसिबिलिटीमधलं ‘रिड्यूस व्हाइट पॉइंट’, अँड्रॉइड 12 पासून पुढे बहुतेक फोनांवर ‘एक्स्ट्रा डिम’. जुन्या चोकची ट्यूब आणि स्वस्त एलईडी बल्बही सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, तेव्हा खोलीतले दिवेही बघा. घरात गॉगल मात्र नको. डोळे अंधाराला सरावतात आणि मग साधा उजेडही टोचायला लागतो.

एवढं करूनही त्रास होत असेल, तर मुळात उजेडाचा दोष नसेल. स्थिर पान वाचता येतं पण स्क्रोल केलं की गरगरतं, असं असेल तर डोळे आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा यांचा मेळ बिघडलेला असू शकतो. फोनमधली ॲनिमेशन बंद करा, लॅपटॉपवर माउसच्या चाकाऐवजी पेज डाउन वापरा. रील्स तर नकोतच. यावर व्हेस्टिब्युलर फिजिओथेरपी, म्हणजे तोल सुधारण्याचे व्यायाम असतात.

छापील पेपर वाचतानाही तेच होतं का? मग बिचाऱ्या मोबाइलला दोष देऊ नका. एक डोळा झाकून वाचून बघा. बरं वाटलं, तर दोन्ही डोळे जवळ एकत्र वळण्यात अडचण असावी. पेनाचं टोक हळूहळू नाकाकडे आणा. साधारण 5-6 सेंटिमीटरपर्यंत ते एकच दिसायला हवं. 10 सेंटिमीटरवरच दोन दिसायला लागलं तर बायनॉक्युलर व्हिजन, म्हणजे दोन्ही डोळ्यांचं एकत्र काम, तपासणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टकडे (दृष्टितपासनिसाकडे) जा. नेहमीच्या नंबर तपासणीत हे सापडेलच असं नाही.

आता किती वेळ बघायचं ते. मार लागल्यावर पहिले 48 तास स्क्रीन जवळजवळ बंदच. 12 ते 25 वयोगटावरचा एक अमेरिकी अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हे पथ्य पाळणाऱ्यांपैकी निम्मे साडेतीन दिवसांत बरे झाले, न पाळणाऱ्यांच्या गटाला त्यासाठी आठ दिवस लागले. पण म्हणून महिनाभर पडदे ओढून बसवू नका, त्याने त्रास उलट वाढतो. नंतर त्रास किती मिनिटांनी सुरू होतो ते टिपा आणि त्याच्या निम्म्याने सुरुवात करा. सहा मिनिटांनी होत असेल तर तीन मिनिटांचा टायमर, मग दहा मिनिटं डोळ्यांना विश्रांती. त्रासाला 0 ते 10 असे गुण द्या. दोन गुणांपर्यंत वाढून तासाभरात उतरला तर चालतं. असे दोन-तीन दिवस नीट गेले की एक-दोन मिनिटं वाढवा, नाहीतर एक पायरी मागे या. गाडी घसरते ती बऱ्या वाटलेल्या दिवशी: सलग दोन तास मॅच बघितली जाते आणि दुसरा दिवस अंथरुणात जातो.

फॅमिली ग्रुपला सांगून ठेवा, टाइप करू नका, व्हॉइस मेसेज पाठवा. उत्तरही जीबोर्डच्या (गूगलच्या कीबोर्डच्या) माइकवर मराठीत बोलून देता येतं.

डोकेदुखी वाढतच चालली, पुन्हा पुन्हा उलट्या, झटका, हातापायात कमजोरी, बोलणं अडखळणं किंवा न आवरणारी झोप, यातलं काहीही दिसलं तर सेटिंग बदलत बसू नका, थेट हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या.