आमची वाटचाल : गावठी गुलाब ते गुलाबपाणी

सोलापूरकडे गावठी गुलाब पिकतो तो मुख्यतः देवासाठी. सिद्धेश्वर, अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर इतकी देवस्थानं जवळ असल्यावर फुलाला भाव मिळणारच, असं बाहेरच्यांना वाटतं. पण पितृपक्ष लागला की भाव बसतो. गुलकंद घालावा तर त्याला ऊन हवं, आणि आमच्याकडचा पाऊस नेमका सप्टेंबरात जोर धरतो. त्या पडेल फुलाचं काय करायचं, यातून आमचा धंदा सुरू झाला.

गुलाबतेलाचा विचार लगेच सोडला. एक किलो तेलाला तीन-चार टन फूल लागतं. ते अत्तरासाठी प्रसिद्ध असलेल्या कनौजवाल्यांनी करावं. तिथली देग-भपक्याची पद्धत, म्हणजे फूल पाण्यात उकळून त्याची वाफ थंड करून धरायची, ती पाहून आम्ही तांब्याचं छोटं भांडं घडवून घेतलं. गुलाबाचा ओळखीचा वास ज्या घटकाचा, ते फिनाइल इथाइल अल्कोहोल पाण्यात चांगलं विरघळतं. म्हणून तेल निघालं नाही तरी वाफेच्या पाण्याला वास येतो. जेवढं फूल तेवढंच पाणी धरायचं, हा आमचा नियम. त्यापुढचं पाणी शिजवलेल्या पाल्यासारखं लागतं. लोभ झाला तरी ते बाटलीत जाऊ देत नाही.

फूल उजाडायच्या आत तोडायचं, ऊन चढलं की वास उडतो. उन्हाळ्यात थंड करायच्या टाकीतलं पाणीच तापतं, मग बर्फाच्या लाद्या आणाव्या लागतात. देवळातलं निर्माल्य स्वस्तात घ्या, असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. पण त्यात हळदकुंकू असतं, आणि फवारणी कोणती झाली ते कोणालाच सांगता येत नाही. आम्ही ठरलेल्या शेतकऱ्यांकडूनच घेतो आणि तोडणीआधी फवारणी नाही, ही अट घालतो. त्यासाठी पितृपक्षातही बाजारापेक्षा चार पैसे जास्त देतो.

खरी परीक्षा गिऱ्हाइकाच्या नाकाशी झाली. दुकानातल्या स्वस्त बाटलीत बऱ्याचदा पाणी आणि सुगंधी द्रव्य एवढंच असतं, आणि लोकांना त्याच भडक वासाची सवय. ताज्या गुलाबपाण्याला तर सुरुवातीला भट्टीचा वास असतो; काही दिवस मुरल्यावर तो जातो. ‘तुमच्यात गुलाब कमी दिसतो,’ हे आम्ही अजूनही ऐकतो.

दुसरा वाद प्रिझर्व्हेटिव्हचा. ‘नैसर्गिक म्हणता, मग हे कशाला?’ कारण फुलाचं पाणी हे शेवटी पाणीच. त्यात जंतू वाढतात, पांढरे तंतू तरंगायला लागतात. आम्ही सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट वापरतो. ती आम्लधर्मी पाण्यातच नीट काम करतात, म्हणून प्रत्येक घाण्याचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी, तितकं पाणी आम्लधर्मी) तपासून 5च्या खाली ठेवतो. ‘केमिकल-फ्री’ हा शब्द आमच्या लेबलवर नाही. तो छापला असता तर विक्री वाढली असती, हे माहीत आहे.

लेबलवर ‘मुरुमं बरी होतात’ असंही नाही. कॉस्मेटिकचा परवाना आहे, औषधाचा नाही. साबण अल्कधर्मी, त्वचा किंचित आम्लधर्मी. तोंड धुतल्यावर दोन फवारे मारले की ओढ कमी वाटते, एवढंच सांगतो. ओलसर चेहऱ्यावर लगेच तेल किंवा क्रीम लावा, नाहीतर पाणी उडून त्वचा पुन्हा कोरडी. मुलतानी मातीत, चंदनाच्या लेपात बिनधास्त कालवा. उरलेला लेप मात्र ठेवू नका. डोळ्यांत घालू नका, हे प्रत्येक बाटलीवर ठळक छापतो, कारण आजीच्या काळापासून लोक घालत आले आहेत. कापूस बाटलीत बुडवायची सवय मोडावी म्हणून रुंद तोंडाची बाटली बंद करून फवाऱ्याची आणली. महाग पडली, पण खराब झाल्याच्या तक्रारी घटल्या.

मोगऱ्याची मागणी सारखी येते. भट्टीत त्याचा नाजूक वास आम्हाला टिकवता आला नाही, म्हणून विकत नाही. वाळ्याचं पाणी मात्र जमलंय. त्याला मातीचा वास येतो; काहींना तो अजिबात आवडत नाही, पण ज्यांना आवडतो ते मे महिन्यात दोन-दोन बाटल्या नेतात.