गुरगुर

वास्कोत राहणाऱ्या माणसाला विमानाच्या आवाजाचे अप्रूप राहत नाही. दाबोळीची धावपट्टी नौदलाचीही आणि प्रवासी विमानांचीही, त्यामुळे सकाळच्या चहाच्या वेळी एखादे मिग-२९के डोक्यावरून गेले, तर बोलणारा वाक्याच्या मध्येच थांबतो आणि आवाज ओसरला की सोडल्या जागेपासून पुढे बोलू लागतो. रात्री मात्र, घरात निजानीज झाल्यावर, मी हेडफोन लावून एका निराळ्याच आवाजाच्या मागे लागतो. संगणकावर लढाऊ विमान चालवण्याच्या डीसीएस या सिम्युलेटरमध्ये साइडवाइंडर क्षेपणास्त्राला समोरच्या विमानाची उष्णता जाणवू लागली, की वैमानिकाच्या कानात गुरगुर सुरू होते. आधी ती माडाच्या झावळीत अडकलेल्या भुंग्यासारखी अस्पष्ट असते, लक्ष्य नीट सापडले की तिला धार येते, आणि त्या धारेवर विसंबूनच बटण दाबायचे असते.

साइडवाइंडर हे नाव अमेरिकेच्या वाळवंटातल्या एका विषारी सापाचे. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खळगीने तो भक्ष्याची ऊब टिपतो. आपल्याकडे पावसाळ्यात चोर्ल्याच्या घाटात फांदीवर वेटोळे घालून बसणारा चापडाही त्याच जातकुळीचा. या क्षेपणास्त्राच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या, पण नळकांड्याचा व्यास पहिल्यापासून आजतागायत १२७ मिलिमीटरच राहिला. पल्ला, वेग, वजन यांचे तक्ते मी बरेच चाळले. त्यांतून फारसे हाती लागले नाही. मला फरक कळला तो कानाने: ही गुरगुर आकाशात कुठे उभे राहिल्यावर ऐकू येते, त्यावरून.

१९५६ साली सेवेत आलेल्या साइडवाइंडरच्या एआयएम-९बी या आवृत्तीत शोधकाला, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या नाकाला, थंड ठेवण्याची सोय नव्हती. त्याला दिसे ते इंजिनाचे मागचे लालभडक तोंड, म्हणजे शत्रूच्या पाठीमागे जाऊन चिकटल्याशिवाय काही साधत नसे. तापलेली जमीन आणि ढगाची उजळ कडा यांनाही तो भुलत असे. शिवाय विमान जोराने वळवत असताना सोडले, तर क्षेपणास्त्र हुकलेच म्हणून समजावे. शेपटीच्या प्रत्येक पंखाच्या टोकाला एक लहानसे दातेरी चाक असते. वाऱ्याच्या झोताने ते गरगर फिरते आणि भोवऱ्याच्या न्यायाने क्षेपणास्त्राला स्वतःभोवती गडगडू देत नाही. इतकी साधी आणि इतकी हुशार युक्ती पुढे फार थोड्या यंत्रांत पाहायला मिळते. २४ सप्टेंबर १९५८ रोजी तैवानच्या सेबर विमानांनी हे अस्त्र चिनी मिग-१७ विमानांवर पहिल्यांदा वापरले. त्या लढायांतले एक क्षेपणास्त्र न फुटताच मिगमध्ये रुतून बसले आणि तसेच तळावर परतले, असे सांगतात. सोव्हिएत संघाने त्याची हुबेहूब नक्कल केली एवढे मात्र खरे. तीच नक्कल पुढे आपल्या मिग-२१ विमानांच्या पंखांखाली आली. म्हणूनच सिम्युलेटरमध्ये अमेरिकन एफ-५ आणि मिग-२१ समोरासमोर आले, की दोघांच्या हाती एकाच आईची लेकरे असतात आणि दोघेही एकमेकांच्या पाठीसाठी घिरट्या घालत राहतात.

मधल्या आवृत्त्यांची अक्षरे पाठ करण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या नौदलाने एक वाट धरली, हवाई दलाने दुसरी, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. खरी उडी एल या आवृत्तीची. आर्गॉन वायूने गारठवलेला तिचा शोधक इतका तीक्ष्ण झाला, की गुरगुर शत्रूच्या तोंडासमोरही ऐकू येऊ लागली. मला गंमत वाटते ती पुढच्या गोष्टीची. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश सी हॅरियर विमानांनी हीच आवृत्ती वापरली आणि तरीही बहुतेक नेम मागूनच साधले. समोरून मारता येत असतानाही वैमानिक जुन्या वळणाने पाठीमागेच गेले. आपल्या नौदलाची सी हॅरियर विमाने २०१६ पर्यंत इथे दाबोळीलाच होती, पण त्यांच्या पंखांखाली साइडवाइंडरऐवजी फ्रेंच मॅजिक क्षेपणास्त्र असे. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात उभ्या असलेल्या हॅरियरजवळ गेलो, की माझी नजर आधी पंखाखालच्या खुंट्यांकडे जाते. ही खोड सिम्युलेटरने लावली.

रशियन आर-६० हे माझे लाडके, आणि माझा घात करणारेही. जेमतेम ४४ किलो वजनाचे ते चिमुकले अस्त्र चिमणीसारखे चटकन वळते, पण त्यात स्फोटक भाग अवघा तीन किलोंचा. माझा नेम बरोबर लागूनही फाटक्या पंखाने घरी परतलेली विमाने मी किती पाहिली आहेत! त्यानंतरचे आर-७३ म्हणजे सरळसरळ दांडगाई. वैमानिकाने शिरस्त्राणातून मान वळवून पाहायचे, की अस्त्र तिकडे झेपावते. जर्मनी एक झाल्यावर पूर्व जर्मनीची मिग-२९ विमाने पाश्चात्त्य वैमानिकांच्या हाती पडली आणि आपण किती मागे राहिलो ते त्यांना कळले. २००३ साली आलेली साइडवाइंडरची एक्स आवृत्ती हे त्याचेच उत्तर. तिचा शोधक उष्णतेचे नुसते ठिपके न पाहता चित्र पाहतो, रॉकेटचा झोतच वळवून ती वळते, आणि ती दातेरी चाके तिच्यात उरलेली नाहीत. तिच्याशी माझे काही सूत जमले नाही. तिची गुरगुर कुठूनही ऐकू येते, मग ऐकायचे तरी कशासाठी?

माझ्या भाच्याला हे मुळीच पटत नाही. चवथीच्या सुट्टीत तो फोंड्याहून आला, की गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून होईपर्यंत कसाबसा दम धरतो आणि मग माझ्या खुर्चीचा ताबा घेतो. हॉर्नेट विमान आणि एक्स क्षेपणास्त्रे घेऊन तो बसल्या बसल्या चार विमाने पाडतो आणि माझ्याकडे दयेने पाहतो. यंदा मी त्याला एफ-५ मध्ये बसवले आणि पंखांच्या टोकांना दोन जुन्या एआयएम-९बी लावून दिल्या. दहा मिनिटे तो मिगच्या मागे मागे फिरला, घामाघूम झाला, एकदा डोंगराला घासता घासता वाचला. मिग संध्याकाळच्या उजेडात वर चढले, तसा तोही नाक उचलून वर चढला आणि एकदम ओरडला, "मामा, आवाज आला! स्पष्ट! सोडू?"

"सोड," मी म्हणालो.

धुराची रेघ मिगच्या बरीच डावीकडून गेली, कुठेही न वळता, सरळ मावळत्या सूर्याकडे.