दिवा बंद केल्यावर दिसलेलं इंदूर

गच्चीवरच्या बारमध्ये मी शहर बघायला जाते. पिण्याचं मला फारसं कौतुक नाही. पण अंधार पडल्यावर आठव्या-नवव्या मजल्यावरून दोन तास शहराकडे बघत बसायला मिळणार असेल, तर महागड्या लिंबू सोड्याचे पैसे मी खुशीने देते. मुंबईत, बंगळुरात, हैदराबादेत हे भरपूर केलंय. इंदूरला मात्र दर वेळी रामबागेतलं मावशीचं घर, सकाळचे पोहे-जिलबी, रात्री सराफा बाजारातलं खाणं आणि परतीची गाडी, एवढ्यातच सगळं आटपायचं. या खेपेला मनाशी ठरवूनच निघाले होते की इंदूर वरून बघायचं.

नोव्हेंबर याला सगळ्यात चांगला. माळव्याचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. दिवसा ऊन चटका देतं, पण सूर्य कलला की हवा एकदम गार होते आणि आकाश स्वच्छ असतं. सकाळ बनारसची, संध्याकाळ लखनौची आणि रात्र माळव्याची, असं उत्तरेकडे पूर्वीपासून म्हणतात. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र, हा शब्द इंदुरात आजही दुकानांच्या पाट्यांवर दिसतो. ज्या गावाची रात्रच नावाजलेली, तिथे गच्च्यांवर गर्दी असणारच.

गर्दी आहेही. विजयनगर, एबी रोड, पलासिया, जिकडे बघाल तिकडे वरच्या मजल्यावर लुकलुकत्या माळा. पण तिथे गेल्यावर माझा जो संताप झाला तो आधी लिहिते. यातल्या बहुतेक जागा शहराकडे पाठ करून बसवल्या आहेत. कठड्याला माणसाच्या उंचीच्या काचा, काचांवर आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब, काचेच्या अलीकडे प्लास्टिकची झाडं, आणि झाडांमध्ये वर तोंड करून लावलेले प्रखर दिवे. कठड्यालगतची टेबलं कायम 'रिझर्व्ह'. मधल्या टेबलावर बसलं की समोर डीजे दिसतो, शहर दिसत नाही. लोक काचेपाशी जातात, काचेकडे पाठ करून फोटो काढतात आणि परत येतात. मग इतक्या उंचावर चढायचं तरी कशासाठी? तेच गाणं, तेच पनीर टिक्का तळघरातही मिळतं. माझा मावसभाऊ म्हणाला, "ताई, इथे लोक माहौलसाठी येतात." मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. उंचीचे पैसे घेता, तर उंचीवरून जे दिसतं ते झाकू नका.

दुसऱ्या संध्याकाळी मी मावशीलाच घेऊन गेले. मावशीचं वय ऐंशीच्या घरात, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. बारमध्ये जायचंय म्हटल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "तोंड कुठल्या दिशेला आहे गच्चीचं?" मला माहीत नव्हतं. "मग चारी बाजू मोकळ्या असतील तिथे ने." तिने इंदुरी साडी नेसली, वर स्वेटर, पायात मोजे, आणि चश्म्याची दुसरी जोडी पिशवीत घेतली. एबी रोडवर पलासियाच्या जवळ एक नवव्या मजल्यावरची जागा मावसभावाने शोधली. लिफ्टमध्ये आमच्याबरोबर कॉलेजची पोरं होती. त्यांनी तिला आत आधी जाऊ दिलं, वर पोचल्यावर दार धरून ठेवलं. इंदुरातल्या माणसांचा हा मोकळेपणा मला फार आवडतो. म्हातारं माणूस बारमध्ये आलं म्हणून तिथे कुणी टवकारून बघितलं नाही.

कठड्याजवळचं टेबल मिळालं, ते वेटरने मावशीकडे बघून दिलं. लिंबू सोडा आला. मावशीने बाहेर बघितलं, हाताने काचेवर सावली धरली, पुन्हा बघितलं. मग वेटरला बोलावून म्हणाली, "बेटा, ये ऊपरवाली बत्ती जरा बंद कर दोगे? शहर नहीं दिख रहा."

वेटर वीस-एकवीस वर्षांचा असेल. तो क्षणभर थांबला. कदाचित अशी मागणी त्याच्याकडे कुणी केली नसावी. "अभी देखता हूँ, माताजी," म्हणाला आणि आत गेला. आमच्या डोक्यावरचा दिवा विझला. मग शेजारचा विझला. आमच्या बाजूचा सगळा कठडा अंधारात गेला आणि काचेतली आमची तोंडं नाहीशी होऊन तिथे इंदूर उभं राहिलं.

मला ते नीट सांगता यावं असं फार वाटतं. खाली एबी रोडची लाल-पांढरी रांग, उत्तरेकडे विजयनगरचे मनोरे, त्यांच्या माथ्यावरचे लाल ठिपके, पश्चिमेला जुन्या शहराचा पिवळट, दाट, बुटका उजेड, आणि त्याच्याही मागे विमानतळाकडे उतरणारं एक विमान. दिल्ली-मुंबईसारखा हा विस्तार अंगावर येत नाही. कडा दिसतात. कुठे शहर संपतं आणि पठार सुरू होतं, ते नजरेत मावतं. शेजारच्या दोन टेबलांवरची मंडळीही उठून कठड्याशी आली. कुणी काही बोललं नाही, पण कुणी फोटोही काढत नव्हतं.

मावशी बोलायला लागली. मी उजेडाकडे बघत होते, ती काळ्या जागांवर बोट ठेवत होती.

"ते दक्षिणेला मोठं काळं दिसतंय ना, आधी रेसिडेन्सीची झाडं, आणि त्याच्या पलीकडे कृषी कॉलेजची शेतं. शहराच्या मधोमध शेती. हॉवर्डसाहेबाची जागा ती."

अल्बर्ट हॉवर्ड, इंग्रज शेतीशास्त्रज्ञ. हे नाव मी वाचलं होतं, पण ती जागा या दिव्यांच्या मधोमध असेल याची कल्पना नव्हती. १९२४ मध्ये इंदूरला 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' सुरू झाली आणि १९३१ पर्यंत हॉवर्ड तिचे संचालक होते. कापसाच्या पऱ्हाट्या, तण, पालापाचोळा, शेण, गोठ्यातली गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर खड्ड्यात रचायचे, पाणी शिंपडायचं, ठरलेल्या दिवसांनी ढीग उलटायचा आणि थोड्याच महिन्यांत काळंभोर खत काढायचं. ही रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. सेंद्रिय शेतीवर लिहिणाऱ्या कुठल्याही देशातल्या माणसाला इंदूर हे नाव माहीत असतं ते या काळ्या तुकड्यामुळे. १९३५ मध्ये गांधीजी इंदूरला आले तेव्हा ही जागा बघून गेले होते. "आणि आता तिथे काहीतरी बांधायचं अधूनमधून निघतं," मावशी म्हणाली. "मग लोक रस्त्यावर येतात. यायलाच पाहिजे."

शेजारच्या टेबलावरचा एक मुलगा सुपर कॉरिडॉरवरच्या कंपनीत नोकरीला होता. टीसीएस आणि इन्फोसिसचे मोठे कॅम्पस त्याच रस्त्यावर आहेत, आणि ३१ मे २०२५ पासून इंदूरची मेट्रोही त्याच बाजूने धावते. त्याने विचारलं, "मौसीजी, और वो उधर वाला अँधेरा?" मावशीचं बोट उत्तरेकडे वळलं. "हुकुमचंद मिल." मालवा मिल, राजकुमार मिल, स्वदेशी, कल्याण, एकेका कापडगिरणीचं नाव ती घेत गेली. तिच्या लहानपणी रामबागेतल्या गच्चीवर चढलं की मिलांची धुराडी दिसायची आणि त्यांच्या भोंग्यावर घरातली घड्याळं लावायची. उंच इमारत म्हणजे एमवाय हॉस्पिटल, बाकी सगळं झाडांच्या खाली. हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या देण्याचा प्रश्न सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. मधल्या तीस वर्षांत त्या आवारात झाडं वाढली. तोही आता वरून काळा दिसणारा तुकडा आहे, आणि तिथली झाडं राखा म्हणणारेही इंदुरात आहेत.

मावशीला सगळ्यांत जास्त बोलायचं होतं ते अनंत चतुर्दशीच्या झांक्यांबद्दल, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांबद्दल. एकेका मिलचे कामगार महिनोन्‌महिने खपून हलत्या, झगमगत्या झांक्या बनवायचे आणि रात्रभर त्या शहरातून फिरायच्या. मिला बंद पडल्या, पण झांक्या थांबल्या नाहीत. काका मिलच्या हिशेब खात्यात होते. झांकीसाठी वर्गणी गोळा करायचं काम त्यांच्याकडे असे. "आमची रोषणाई रस्त्यावरून चालत यायची," ती म्हणाली, "आणि आम्ही ओट्यावर बसून बघायचो." त्या मुलांतल्या एकीने कधीच झांकी पाहिली नव्हती, ती रिवाहून शिकायला आली होती. मावशीने तिला तिथल्या तिथे मिरवणुकीचा रस्ता समजावला.

तासाभराने आत गिऱ्हाईक वाढलं आणि दिवे परत लागले. मॅनेजर स्वतः येऊन सांगून गेला, सभ्यपणे. मला तरीही वाईट वाटलं. त्या तासात त्या बाजूच्या एकाही टेबलावरून कुणी उठून गेलं नव्हतं. इंदूरच्या गच्चीवाल्यांनी आठवड्यातला एक दिवस कठड्याचे दिवे विझवून बघावेत, अशी माझी मनापासून विनंती आहे. वीजही वाचेल.

त्यानंतर सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस आणि गराडू खाल्ले. गर्दी असह्य होती. गराडू थंडीतच मिळतात, म्हणून ती सोसली.

राजवाड्यासमोर एका शाकाहारी हॉटेलच्या गच्चीवरही बसले. तिथे दारू नाही, काचा नाहीत, चहा साधा. समोर होळकरांचा सात मजली वाडा: खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. मल्हाररावांच्या काळात, अठराव्या शतकात, माळव्यातल्या मातीच्या घरांमधून सात मजले वर येताना बघणाऱ्याला काय वाटलं असेल! तो वाडा जळलाही, १९८४ च्या दंगलीतली आग तर मावशीने डोळ्यांनी पाहिली, आणि पुन्हा उभाही राहिला. रात्री त्याच्यावर रंग बदलणारे दिवे सोडतात ते मला आवडत नाही. जांभळ्या उजेडात लाकूड लाकूड राहत नाही. त्याच्या मागे कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आणि गांधी हॉलचा घड्याळाचा मनोरा आहे, त्यांना पांढरा साधा उजेड आहे आणि तो शोभतो.

याच जुन्या शहरासाठी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१८ मध्ये होळकर दरबाराला आराखडा करून दिला होता. प्लेगचे दिवस होते. त्याने दिवाळीत मिरवणूक काढवली, आणि ती नेहमीच्या रस्त्याने न नेता ज्या गल्ल्यांनी सर्वांत चांगली सफाई केली त्या गल्ल्यांतून नेली. मिरवणुकीत प्लेगचा उंदीर होता, घाणीचा राक्षस होता आणि शेवटी त्याचं दहन. २०१७ पासून देशात स्वच्छतेत पहिलं येत राहिलेल्या शहराला हा इतिहास शाळेत शिकवायला हवा. मावशी शिकवायची म्हणे, पुस्तकात नसतानाही.

वरून बघायचंच असेल तर राळामंडळला जरूर जा. शहराच्या आग्नेयेला अभयारण्य आहे, टेकडीच्या माथ्यावर होळकरांची शिकारगाह. वाट झाडीतून चढते आणि वर पोचल्यावर इंदूर क्षितिजावर एक पांढरी रेघ होऊन दिसतं. अंधाराच्या आत उतरावं लागतं, त्यामुळे दिवे बघायला मिळत नाहीत. पण जवळच देवगुराडियाची टेकडी दिसते. तिकडेच शहराच्या कचऱ्याचा डोंगर होता. तो २०१८ मध्ये उपसून, चाळून मोकळा केला. २०२२ मध्ये तिथे ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी काढणारा कारखाना सुरू झाला, दिवसाला ५५० टनांचा, आणि त्या वायूवर शहराच्या बसगाड्या चालतात. मी माथ्यावर उभी राहून आधी त्या बाजूला आणि मग शहराच्या मध्याकडे, हॉवर्डच्या शेतांच्या दिशेला बघितलं. मधे शंभर वर्षं गेली, पण काम तेच चाललंय.

बिजासन टेकडीवर मात्र संध्याकाळ सुंदर गेली. विमानतळ पायथ्याशी, देवीच्या दर्शनाला आलेली कुटुंबं पायऱ्यांवर भेळ खात बसलेली, आणि विमान उतरलं की सगळी पोरं एकदम ओरडतात. पैसे नाहीत, टेबलं नाहीत, दिवे लागताना पूर्ण शहर समोर.

माणिकबाग बघायची राहिली. दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून बांधून घेतलेला तो महाल, त्या काळच्या युरोपातही उठून दिसला असता इतका आधुनिक. आता तिथे सरकारी कार्यालय आहे, सहज आत जाता येत नाही.

मावशीचा काल फोन आला होता. रिवाच्या त्या मुलीने तिचा नंबर घेतला होता आणि झांक्यांच्या रात्री कुठे उभं राहायचं ते विचारलं. मावशीने जेल रोडवरच्या एका ओळखीच्या घराची गॅलरी ठरवून टाकली आहे, त्या मुलीसाठी, तिच्या मैत्रिणींसाठी आणि माझ्यासाठी. मला म्हणाली, गाडीचं रिझर्व्हेशन आत्ताच बघ, चतुर्दशीला मिळत नाही.