एसेन: खाण, वसाहत आणि मालकाचा वाडा

म्युनिकचे चौक आणि ऱ्हाईनकाठचे किल्ले बघून झाले असतील, किंवा ड्युसेलडॉर्फ-कोलोनकडे कोणी नातेवाईक राहत असेल, तर रुर या कोळशाच्या खोऱ्यातल्या एसेनसाठी एक पूर्ण दिवस काढा. आम्ही आई-बाबांना घेऊन गेलो होतो. बाबांची सगळी नोकरी भोसरीच्या कारखान्यांत गेली. राजवाडे बघून ते कंटाळले होते, इथे मात्र त्यांना हलवणं कठीण झालं.

आधी एक इशारा. स्टेशनाबाहेरचं एसेन बघून निराश होऊ नका. क्रुप या उद्योगपती घराण्याचे पोलाद आणि तोफांचे कारखाने इथले, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात शहरावर बॉम्बचा मारा झाला आणि नंतर जे उभं राहिलं ते घाईत. खरेदीच्या रस्त्यावर वेळ घालवू नका. तिथेच दहा मिनिटांवर असलेल्या कॅथेड्रलमध्ये मात्र डोकवा. साधारण इ. स. 980 च्या सुमाराची, लाकडावर सोन्याचा पत्रा मढवलेली मेरीची मूर्ती तिथे आहे. उंची जेमतेम 74 सेंटीमीटर. मेरीची इतकी जुनी पूर्ण मूर्ती जगात दुसरी नाही.

बहुतेक जण सकाळी खाण आणि दुपारी बाकीचं असा क्रम ठेवतात. मी उलटा सुचवेन. सकाळी क्रुप मालकाचा वाडा, दुपारी कामगारांची वसाहत, शेवटी त्सोलफेराइन ही कोळशाची खाण. वाड्याला संध्याकाळी कुलूप लागतं, खाणीचं आवार मात्र अंधार पडल्यावरही फिरता येतं.

एस 6 लोकलने एसेन-ह्यूगेल स्टेशनवर उतरलं की चढावर व्हिला ह्यूगेल. आल्फ्रेड क्रुपने 1873 मध्ये पूर्ण केलेलं हे 269 खोल्यांचं घर. स्वारी आगीला इतकी घाबरायची की बांधकामात दगड आणि लोखंडावर भर. आतले दिवाणखाने अंगावर येतात, खरं सांगायचं तर थोडे उदासच आहेत. पण शेजारच्या छोट्या इमारतीतलं कंपनीच्या इतिहासाचं दालन चुकवू नका. रेल्वेच्या चाकांसाठी विनाजोड पोलादी धावा, म्हणजे चाकावर चढवायची कडी, काढून क्रुप श्रीमंत झाले. कंपनीच्या चिन्हातली तीन वर्तुळं म्हणजे त्याच धावा. पुढे नाझी काळात याच कारखान्यांत वेठबिगार राबवले गेले आणि 1948 मध्ये न्यूरेंबर्गला याच घराण्यातल्या पुढच्या पिढीच्या आल्फ्रीड क्रुपला 12 वर्षांची शिक्षा झाली. तो 1951 मध्येच सुटला, हेही लक्षात ठेवा. बाग मोठी आणि उताराची आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खाली तळ्याकडे जायचा मोह आवरावा. सोमवारी घर बंद असतं.

एसेनच्या मुख्य स्टेशनवर परत येऊन यू 17 मेट्रोने मार्गारेटनह्योहे ही वसाहत. क्रुप घराण्यातल्या मार्गारेटने मुलगी बेर्थाच्या लग्नानिमित्त 1906 मध्ये निधी दिला आणि गेऑर्ग मेट्झेनडॉर्फ या वास्तुरचनाकाराने पुढची जवळजवळ तीस वर्षं ही वसाहत बांधली. वेलींनी झाकलेली घरं, मधे छोटा चौक. इथे बघण्यासारखं 'ठिकाण' असं काही नाही, नुसतं तासभर चालायचं. आईला दिवसभरात हेच सगळ्यात आवडलं. लोक अजून राहतात, तेव्हा खिडक्यांचे फोटो काढत बसू नका.

मग ट्राम 107 आणि त्सोलफेराइन हाच थांबा. 1932 मध्ये सुरू झालेली बारा क्रमांकाची शाफ्ट (खाणीत उतरणारी उभी विहीर आणि भोवतीच्या इमारती) म्हणजे लाल विटा, पोलादी सांगाडा आणि वर 55 मीटरचा चाकांचा मनोरा. शुप आणि क्रेमर या वास्तुरचनाकारांच्या जोडीने इमारती अशा मांडल्या की कारखाना आहे हे विसरून माणूस रेषाच बघत राहतो. रोज 12,000 टन कोळसा इथून निघायचा. खाण 1986 च्या डिसेंबरात बंद झाली, कोळसा भाजून कोक करणाऱ्या भट्ट्या 1993 मध्ये. पाडापाडी झाली नाही आणि 2001 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी काय उभं राहिलं ते पाहिलेल्यांना इथे हेवा वाटल्याशिवाय राहत नाही.

आवारात फिरायला पैसे लागत नाहीत. तिकीट लागतं ते कोळसा धुण्याच्या इमारतीतल्या रुर म्युझियमला. नारिंगी दिव्यांच्या लांबलचक सरकत्या जिन्याने वर जायचं आणि प्रदर्शन बघत मजल्या-मजल्याने खाली यायचं, लिफ्टही आहे. दुपारी तीनच्या आत शिरा, नाहीतर घाई होते. बाबा जुन्या यंत्रांपाशीच रेंगाळले. मला जास्त चटका लावून गेली ती खचलेल्या जमिनीची गोष्ट. कोळसा उपसल्यामुळे या खोऱ्यात काही ठिकाणी जमीन वीस मीटरहून जास्त खाली बसली आहे. पंप बंद केले तर कित्येक वस्त्या पाण्याखाली जातील, म्हणून खाणी बंद झाल्या तरी पंप चालूच.

एक गैरसमज दूर करतो. इथे खाणीत खाली उतरता येत नाही. मुलांना बोगद्याचा अनुभव द्यायचा असेल तर शेजारच्या बोखुमचं खाण संग्रहालय गाठा. मार्गदर्शकासोबतच्या फेऱ्या बहुतेक जर्मनमध्ये असतात, इंग्रजी फेरी हवी तर आधीच नोंदवा. डिझाइनची आवड असेल तर जुन्या बॉयलर हाऊसमधलं रेड डॉट म्युझियम बघा, नाहीतर तो वेळ कोक भट्ट्यांना द्या. तिकडे गर्दी कमी आणि अंधार पडल्यावर भट्ट्यांची रांग लाल उजेडात दिसते.

खाण्याचं म्हणाल तर टपरीवर करीवुर्स्ट, म्हणजे करी सॉसमधलं सॉसेज, मिळतं. शाकाहारी मंडळींनी फ्राइज मागवावेत, वर लाल-पांढरा सॉस. आम्ही थेपले नेले होते, ते तळ्याकाठी संपले. रविवारी दुकानं बंद असतात, पाणी आदल्या दिवशीच घ्या. स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी खिशात हवीत. डॉइचलँड-टिकेट हा महिन्याचा पास असेल तर लोकल, यू-बान, ट्राम सगळं त्यात येतं, फक्त आयसीई, आयसीसारख्या लांब पल्ल्याच्या गाड्या नाहीत.

दुसरी संध्याकाळ मोकळी असेल तर ड्युइसबुर्गचा लँडशाफ्ट्सपार्क करा. 1985 मध्ये बंद पडलेला लोखंड गाळण्याचा कारखाना, प्रवेश फुकट, रात्रीही खुला. भट्टीवर चढता येतं, पण पायऱ्या लोखंडी जाळीच्या आहेत आणि पायाखालून थेट खालचं दिसतं. उंचीची भीती असलेल्यांनी आईसारखं खाली बाकावर बसून पर्स सांभाळावी.