सातवा डोळा

मी नुसता बीएस्सी ॲग्री, पण दिंडोरी-निफाड पट्ट्यात मला सगळे डॉक्टर म्हणतात. द्राक्षवाल्यांची ती रीतच आहे, काडीकडे बघून जो दोन शब्द सांगतो तो डॉक्टर. माझी खरी धावपळ सप्टेंबरात. गोड छाटणीच्या, म्हणजे फळासाठीच्या छाटणीच्या, आधी शेतकरी बागेतल्या आठ-दहा काड्या तोडतात, जुडी बांधतात, वर नावाची चिठ्ठी लावतात आणि आमच्या लॅबमध्ये आणून टाकतात. आम्ही काडीवरचा एकेक डोळा, म्हणजे जिथून नवी फूट निघते तो कोंब, ब्लेडने कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरतो आणि कितव्या डोळ्यात घड आहे ते लिहून देतो. काडी कुठे कापायची हे त्यावर ठरतं.

बाहेरून सगळे डोळे सारखेच. वरची तपकिरी साल आणि आतला कापूस काढला की हिरवा गाभा दिसतो आणि त्याच्या कुशीत, असला तर, घड. मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान, पांढुरका, पण आकार मात्र घडाचाच. नसेल तर तिथे बाळी असते, आधाराला विळखा घालणारा वेलीचा धागा. गंमत म्हणजे दोन्ही एकाच गोळ्यातून तयार होतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे नव्या काड्यांसाठीच्या छाटणीनंतर, मे-जूनच्या उन्हात, फुटीला उजेड आणि अन्न मिळालं तर त्याचा घड होतो. सावली पडली, ढग राहिले, तर बाळी. बाळी तार इतकी घट्ट धरते की सोडवताना नखं दुखतात. पण तार तिला काय देणार? ऑक्टोबरात जे दिसतं ते तेव्हाच ठरलेलं असतं, कुणाचं लक्ष नसताना.

ही गोष्ट २०१९ सालची. त्या वर्षीची दिवाळी कशी गेली हे नाशिककडच्या माणसाला सांगायला नको. दिवे लावायचे तिथे गुडघाभर चिखल.

दिवाळीनंतरच्या शनिवारी सकाळी एका अण्णांचा फोन आला. माझ्या वडिलांच्या वयाचे, पण बोलताना नेहमी 'अहो डॉक्टर'.

"अहो डॉक्टर, जरा बाग बघून जा. सगळे म्हणतेत पावसानं घड जिरले. मला काय ते जिरल्यासारखं वाटत नाही."

गेलो. वाटेत रस्त्याकडेच्या बागांमध्ये तेच चित्र. फवारणीचे ब्लोअर रुतलेले, पानांवर डाऊनी रोगाचे तेलकट डाग, घड जिरून त्यांच्या बाळ्या झालेल्या. जिरलेला घड ओळखू येतो. तिथे काहीतरी होतं आणि आता वाकडी शेपटी राहिलीय, असं दिसतं. अण्णांच्या बागेत शेपट्यासुद्धा नव्हत्या. फुटी जोमदार, पानं तळहाताएवढी आणि घडाचा पत्ता नाही. ओळीमागून ओळ वांझ.

मी काडीवरचे डोळे मोजले. पाचव्यावर कापलेली. डोळे फुटवायची पेस्ट चौथ्या-पाचव्याला लावलेली.

"चार नंबरला घड आहे असं तुमच्याच रिपोर्टात होतं," अण्णा म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, ते फक्त आठवण करून देत होते.

मी मान हलवली आणि पुढच्या ओळीत शिरलो. तिथे पाय अडखळला. छाटणीत पडलेली एक काडी कुणी उचलायची राहिली होती. अर्धी चिखलात दबलेली, महिनाभराच्या ओलीत. आणि ती फुटली होती. दोन डोळे फुटून तीन-तीन पानं आली होती आणि त्या पानांच्या आड एक घड, करंगळीच्या नखाएवढा. मी काडी उचलून तिचा तिरका काप बघितला, मनात झाडावरच्या उरलेल्या काडीला जोडून बघितली. सहावा आणि सातवा डोळा. बागेचं पीक सातव्यात होतं आणि आम्ही ते कापून सरीत टाकलं होतं.

"काय सापडलं?" अण्णांनी लांबून विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो आणि काडी बॅगेत टाकली.

ते 'काही नाही' मला आजही ऐकू येतं.

लॅबमध्ये येऊन रजिस्टर काढलं. सप्टेंबरातल्या त्या दिवशी एकाच गावच्या, एकाच आडनावाच्या दोन जुड्या आल्या होत्या. एक 'रा.', एक 'दा.'. चिठ्ठ्या शाईच्या पेनाने लिहिलेल्या आणि काड्या ओल्या. मी चिठ्ठ्यांचे फोटो ठेवतो. मोबाइलवर मोठा करून पाहिला तर 'रा'ची शाई पसरून त्याचा 'दा' झालेला. त्या दिवशी आमच्या टेबलावर चाळीसेक जुड्या होत्या. फोन करून विचारायला दोन मिनिटं लागली असती. मी अंदाजाने लिहिलं. रिपोर्टांची अदलाबदल झाली. दुसऱ्या शेतकऱ्याचं फारसं बिघडलं नाही, कारण त्याचा लॅबवर मुळातच विश्वास नाही. तो सबकेनची, म्हणजे शेंडा मारल्यावर फुटलेल्या पोटकाडीची, गाठ बघून वडील कापायचे तसाच कापतो आणि रिपोर्ट फाइलला लावतो. अण्णांची बाग नवी, काडी सरळ, आणि ते माझ्यावर भरवसा ठेवणारे.

आता खरी गोष्ट इथे आहे की हे कुणालाही कळणार नव्हतं. त्या वर्षी अख्खा जिल्हा पावसाच्या नावाने रडत होता. पंचनामे चालू होते. अण्णांची वांझ बाग त्या गर्दीत सहज खपून गेली असती. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "कशाला उकरताय? पाऊस आहे ना." ते वाईट माणूस नाहीत. लॅब चालवायची म्हटल्यावर असं बोलावं लागतं, हे मलाही समजतं.

मी शरणपूरचा. नाशिकमधली ही ख्रिस्ती वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिशनऱ्यांनी वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथे शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणारे मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या सोबत होता. लिव्हिंग्स्टन १८७३मध्ये आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यांचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत तो होता आणि पुढे लंडनच्या दफनविधीलाही हजर होता. आजी ही गोष्ट सांगायची आणि शेवटी एवढंच म्हणायची, "मेल्यावरसुद्धा राहिला बघ सोबत." तिच्या बोलण्यात 'राहणे' हा शब्द फार. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो, त्यातलं 'माझ्यामध्ये राहा' ती चष्मा न लावता म्हणायची. पहिल्या १० वचनांत या राहण्याचा मूळ ग्रीक शब्द १० वेळा येतो, हे पुढे आमच्या पाळकसाहेबांनी मोजून दाखवलं. त्याच शुभवर्तमानाच्या सुरुवातीला दोन शिष्य येशूच्या मागे जाऊन विचारतात, "आपण कोठे राहता?" तिथेही तोच शब्द. म्हणजे साधा, घराचा पत्ता विचारताना वापरावा असा शब्द.

द्राक्षवेलाच्या त्या अध्यायावरची प्रवचनं मला एरवी ऐकवत नाहीत. शहरातले पाळक सांगतात, देव वाळक्या फांद्या छाटतो. अहो, वाळकी काडी कोण छाटत बसतं? छाटणीत चांगली, पिकलेली, पेन्सिलीएवढी जाड काडीच कापावी लागते. आमच्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, तिथे 'साफसूफ' असा शब्द आहे. तो वाचला की मला केरसुणी आठवते, कात्री नाही. असो.

त्या दुपारी टेबलावर ती काडी होती. तीन पानं, एक घड, तजेलदार. ती कशावर जगत होती हे मला चांगलं माहीत आहे. वेलीने उन्हाळाभर तिच्यात भरलेल्या अन्नावर. तेवढ्यावर पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे. लांबून बघणाऱ्याला ती वेलीवरच्या काडीपेक्षा हिरवी वाटेल.

आणि मला माझा सीझन आठवला. ऑगस्टपासून सकाळची प्रार्थना सुटली होती. शास्त्र गाडीच्या डॅशबोर्डवर, त्यावर कीटकनाशकाच्या कंपनीची डायरी. पण रविवारी चर्चमध्ये मी पहिल्या बाकावर. भजनात पेटी माझ्याकडे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना जाऊन त्या वर्षी १०० वर्षं झाली होती, म्हणून मंडळीत त्यांचीच भजनं चाललेली आणि मी डोळे मिटून वाजवत होतो. लोक म्हणत, किती तल्लीन होतो हा. प्रार्थना चुकली म्हणून चिठ्ठी चुकली, असला हिशेब मी मांडत नाही. रोज दोन तास गुडघ्यावर असणारा माणूसही 'रा'चा 'दा' वाचू शकतो. पण 'काही नाही' म्हणताना माझी जीभ जराही अडखळली नव्हती. आजीची अडखळली असती. माझ्यात जे हिरवं होतं ते तिनेच कधीतरी भरून ठेवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे चर्चमध्ये प्रभुभोजन, भाकर घ्यायचा विधी. संध्याकाळी पाचला बायकोने पांढरा शर्ट इस्त्रीला काढला. मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, की तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तुला आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा. मी पळवाट काढून पाहिली. अण्णांच्या मनात माझ्याविरुद्ध कुठे काय आहे? त्यांना माहीतच नाही. मग लक्षात आलं, की त्यांना माहीत नाही हीच तर अडचण आहे.

बायकोला म्हटलं, "दिंडोरीकडे जाऊन येतो."

"आत्ता? या पावसात?"

"काडी परत द्यायचीय."

तिने पुढे विचारलं नाही. माझ्याकडे बघून तिला काहीतरी कळलं असावं.

अण्णा ओट्यावर बसले होते. वीज गेलेली. वहिनींनी कंदील आणून ठेवला आणि चहा टाकायला आत गेल्या. मी ती काडी त्यांच्या समोर ठेवली. मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो दाखवला, मग रजिस्टरचा. काय झालं ते सगळं सांगितलं. मध्ये एकदा वाक्य विसरलो.

अण्णांनी काडी हातात घेतली. डोळे मोजायची त्यांना गरज नव्हती, पण त्यांनी अंगठ्याने एकेक मोजला. घडावर बोट फिरवलं. मग म्हणाले, "जाऊ द्या. पावसानं सगळ्यांचंच नेलं. आमचंही त्यातच गेलं असतं."

दार त्यांनीच उघडं करून दिलं होतं. मी उठून 'हो, ते तर आहेच' म्हणायचं आणि चहा पिऊन निघायचं, एवढंच बाकी होतं.

"नाही अण्णा," मी म्हणालो. "पाऊस नंतर आला. तुमचं त्याच्या आधीच गेलं होतं. मी घालवलं."

ते बराच वेळ गप्प राहिले. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग त्यांचा आवाज चढला.

"मग सांगायला कशाला आलात? आं? पावसाला चार शिव्या घालून झोपलो असतो मी. आता रात्रभर तुमचं तोंड येणार डोळ्यापुढं. सोसायटीचं कर्ज काय तुमचा देव फेडणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हणालो, की या वर्षीच्या औषधांच्या खर्चात माझ्या खिशातून जमेल तेवढा वाटा देईन आणि पुढच्या खरड छाटणीपासून बाग मी स्वतः बघेन, फी न घेता. ते 'हो' म्हणाले नाहीत, 'नाही'ही म्हणाले नाहीत. काडी मात्र त्यांनी मला परत दिली नाही. वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी आतून सगळं ऐकलं होतं. कप ठेवताना माझ्याकडे पाहिलं नाही, पण साखर नेहमीसारखी जास्त होती.

मन हलकं झालं वगैरे काही झालं नाही. परतताना गाडीत पोटात गोळा होता. दुसऱ्या दिवशी भाकर घेताना हात थरथरत होता आणि पेटीवर दोनदा सूर चुकला. मालकांनी त्या महिन्याचा पगार अर्धा दिला. अण्णांनी गावात सांगितलं होतं, चार-पाच जणांनी येणं बंद केलं. ते भरून यायला दोन वर्षं लागली. सकाळची प्रार्थना मी पुन्हा सुरू केली. गाडी चालू करण्याआधी, गेटपाशी, पाच-सात मिनिटं. कधी काही जाणवतं, बहुतेक दिवशी जाणवत नाही. काडीला तरी रस चढताना कुठे जाणवत असेल.

एप्रिलमध्ये लॉकडाऊन होता. शेतीच्या कामाचा पास काढून अण्णांच्या बागेत जात राहिलो. शेंडा कधी मारायचा, विरळणी किती करायची, यापलीकडे आमचं बोलणं होत नसे.

सप्टेंबरात एक दिवस टेबलावर जुडी आली. घेऊन आलेला पोरगा म्हणाला, "अण्णांनी पाठवलीय." चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली, पिशवीला तीन गाठी. कागदाच्या दोन्ही बाजूंना बॉलपेनने, पहिलीच्या पोराने गिरवावं तसं, संपूर्ण नाव लिहिलेलं. 'रा' दोनदा ठळक केलेला. खाली गट नंबर, मोबाइल नंबर आणि एक ओळ:

'शंका आल्यास फोन करणे.'