सेलिब्रेट राहिला, फॅटिगेट गेला

जुने, मोडीत निघालेले इंग्रजी शब्द वाचत बसायचा मला नाद आहे. उपयोग शून्य. ‘ॲप्रिसिटी’ घ्या. हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब! हेन्री कॉकरम नावाच्या गृहस्थाने १६२३ साली छापलेल्या छोट्याशा इंग्रजी कोशात तो आहे, आणि जवळजवळ तिथेच आहे. पुढे बोलण्यालिहिण्यात कुणी त्याला फारसं घेतलंच नाही. इंग्लंडसारख्या थंड देशाने हा शब्द असा वाऱ्यावर सोडावा, कमाल आहे.

स्कॉटलंडचा ‘ग्रोक’ त्याहून गमतीचा. कुणी जेवत असताना आपल्यालाही घासभर मिळेल या आशेने त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहणं, म्हणजे ग्रोक. कुत्र्यांची तर ही हातखंडा कला. माणसं बघायची असतील तर ऑफिसात डब्यातून बटाटेवडे न्या.

शब्द का जगतो आणि का मरतो, याला काही न्याय आहे असं मला वाटत नाही. सोळाव्या शतकात इंग्रजीत लॅटिन शब्दांचा पूर आला. त्यांना चिडवायला ‘इंकहॉर्न’ म्हणत. इंकहॉर्न म्हणजे शिंगाची दौत. नुसते दौतीतून आलेले, तोंडात न रुळलेले शब्द. टॉमस विल्सनने १५५३ मध्ये वक्तृत्वावरच्या आपल्या पुस्तकात अशा भाषेचा नमुना म्हणून एक पत्रच दिलं आहे. लिंकनशरचा एक माणूस चर्चमधली रिकामी जागा मिळावी म्हणून लॉर्ड चॅन्सलरच्या पदरी असलेल्या एका बड्या माणसाला मस्का लावतोय. त्यात तो विनवतो ते ‘ऑब्टेस्टेट’, मदत मागतो ती ‘ॲड्जुव्हेट’, आणि शेवटी, आता आपल्या बुद्धीला आणखी ‘फॅटिगेट’ करत नाही, म्हणजे शिणवत नाही, म्हणून रजा घेतो.

विल्सनचे वाचक खो खो हसले असतील. पण त्याच पत्रात ‘सेलिब्रेट’ आहे, ‘कपॅसिटी’ आहे! हे दोघे असे टिकले की आमच्या सोसायटीत आता बारसंसुद्धा सेलिब्रेट होतं, आणि लिफ्टमध्ये शिरल्यावर कपॅसिटीवरून भांडणं होतात. आपल्याकडे सावरकरांनी रूढ केलेले ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ आज कुणालाही खटकत नाहीत. ‘बोलपट’ मात्र, सगळेच पट बोलायला लागल्यावर मागे पडला.

‘फॅटिगेट’ गेल्याची मला खरंच हळहळ वाटते. प्रास्ताविक अर्धा तास चालणाऱ्या सत्कार समारंभांसाठी तो राखून ठेवायला हवा होता. ‘ॲड्जुव्हेट’ गेला ते एक बरंच झालं. बुडणाऱ्या माणसाला तो पुरा ओरडून होईपर्यंत दोनदा तरी गटांगळी खावी लागली असती.