आयएस३८ टर्बो घ्यायचा ठरला होता, शेवटी नाही घेतला

गाडी माझी २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, सेकंडहँड घेतलेली. दोन लिटर टीएसआय, कंपनीकडून २३० पीएस ताकद आणि ३५० एनएम टॉर्क (चाकं फिरवायचा जोर). आणि हीच गाडी रोज ऑफिसला, हीच भाजीला, हीच आई-बाबांना दवाखान्यात न्यायला, कारण घरात दुसरं वाहन म्हणजे बायकोची अ‍ॅक्टिव्हा. हे आधी सांगून टाकतो कारण पुढचं सगळं गणित इथेच येऊन अडकलं.

स्टेज वन रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं, दोन वर्षं चालवला, पहिले तीन महिने दर सिग्नलला मजा आली, मग सवय झाली आणि डोक्यात मोठा टर्बो शिरला, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा.

या ईए८८८ इंजिनाचं असं आहे की एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळका धूर गोळा करणारा पाईप) वेगळं नसतंच, ते सिलिंडर हेडमध्येच ओतलेलं असतं आणि टर्बो थेट हेडला बोल्ट होतो. त्यामुळे कुठला तरी टर्बो आणून, पाईप वेल्ड करून, जुगाड करून बसवायचा प्रकार इथे सहसा होत नाही, त्या जागेत बसतो तोच टर्बो. माझ्या गाडीत आयएचआय कंपनीचा आयएस२० आणि फोक्सवॅगनच्या गोल्फ आर मध्ये येतो तो त्याचा थोरला भाऊ आयएस३८, ज्याच्यावर कंपनी स्वतःच ३०० पीएस काढते. बोल्ट टू बोल्ट बसतो म्हणतात. मग विचार काय करायचा? मित्र म्हणाला, "काहून वाट पाहून राहिला बे, टाक ना." मीही टाकणारच होतो.

सापडला तो वापरलेला, दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडे, "फक्त वीस हजार किलोमीटर चाललेला". फोटो चकाचक. पैसे पाठवले, आठ दिवसांनी खोकं आलं, नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या माझ्या नेहमीच्या गॅरेजवर तिथल्या काकांनी ते फोडलं. काकांनी आधी काहीच केलं नाही, फक्त कॉम्प्रेसरच्या नटवर दोन बोटं ठेवली आणि शाफ्ट वरखाली हलवला. थोडा हलला. मला धस्स झालं तर म्हणाले, "हे चालते, आत तेल नाही ना सध्या, तेलाची फिल्म आली की हा खेळ जाते." मग शाफ्ट आतबाहेर ढकलला आणि टक् असा आवाज आला. स्पष्ट. परत ढकलला, परत टक्. "हे नाही चालत. थ्रस्ट बेअरिंग गेलं याचं, शाफ्टला आतबाहेर सरकू देत नाही ते." मोबाईलचा टॉर्च मारून पाहिलं तर व्हीलच्या पात्यांच्या कडा हाऊसिंगला घासून चमकत होत्या, एका पात्याचं टोक उंदरानं कुरतडल्यासारखं. मोठी रक्कम परत मिळाली, पण दीड महिना भांडून, आणि दोन्हीकडचा कुरिअर खर्च माझ्या बोडक्यावर. सुरुवातीच्या आयएस३८ चं शाफ्टच्या बाबतीत नाव तसंही फार चांगलं नाही, हे मी नंतर वाचलं. आधी वाचायला पाहिजे होतं, पण आधी आपण फक्त हॉर्सपॉवरच वाचतो.

तो दीड महिना मात्र कामी आला. रिकामा होतो म्हणून ओबीडीचं डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं) लावलं आणि रोजचं ड्रायव्हिंग लॉग करत गेलो. मनीषनगर, वर्धा रोड, छत्रपती चौक, मग रिंग रोडनं हिंगणा टी पॉइंट. तीन आठवड्यांचा लॉग एक्सेलमध्ये टाकला आणि थोडी लाजच वाटली. माझा बहुतेक सगळा वेळ १५०० ते ३००० आरपीएममध्ये. साडेचार हजाराच्या वर गाडी गेली ती शंभरातली दोन मिनिटं पण नाही. आणि आयएस३८ खरा जागा होतो, म्हणजे पुरता दाब देतो, साडेतीन हजाराच्या आसपास, आयएस२० त्याच्या बराच आधी. म्हणजे मी पैसे मोजणार होतो अशा ताकदीसाठी जी समृद्धीवर रिकाम्या लेनमध्ये मिळेल, आणि तिथे कारला लिमिट १२० आहे, ते सहाव्या गिअरमध्ये गाडी झोपेत गाठते. रोज छत्रपती चौकात बससमोरून निघताना जो धक्का लागतो तो उलट कमी होणार होता.

दुसरी गोष्ट ऊन. बाहेरच्या देशातले ट्यूनर जे डायनोचे (ताकद मोजायच्या मशीनचे) आकडे देतात ते वीस-पंचवीस अंशातले. आपल्याकडे मे मध्ये ४५ नॉर्मल. हवेचा दाब तोच ठेवला तर १५ अंशाच्या हवेपेक्षा ४५ अंशाची हवा साधारण नऊ टक्के विरळ असते, म्हणजे तेवढाच ऑक्सिजन भरायला टर्बोला जास्त दाबावं लागतं, जास्त दाबलं की हवा अजून तापते, तापली की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) नॉकच्या, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटण्याच्या, भीतीनं ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, आणि तुम्ही पैसे देऊन विकत घेतलेली ताकद तिथेच परत जाते. माझ्याच लॉगमध्ये दुपारी दोन वाजता सिग्नलवर इनटेक टेम्परेचर ६१ दाखवत होतं, लागोपाठ दोनदा जोरात दाबली की ७४. नागपूरकराला हे समजवायची गरज नाही, कूलरची खस सुकली की पंखा पाचवर केला तरी गरमच हवा येते, तसंच. म्हणून टर्बो बदलण्याआधी इंटरकूलर, म्हणजे टर्बोनं तापवलेली हवा थंड करणारा रेडिएटर, बदलला, जाड कोअरचा, त्याच बंपरमागे बसणारा. त्याच वेळेला तशीच जोरात दाबली, इनटेक ५५ च्या वर गेलं नाही. खरं सांगतो, अर्धं समाधान तिथेच झालं होतं.

पेट्रोलचंही पाहिलं. साध्या पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे. इथेनॉलनं नॉक कमी होतो हे खरं, पण त्यात ऊर्जा कमी असते त्यामुळे इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंपाला जास्त माल पुरवावा लागतो, आणि मोठ्या टर्बोवर नेमकी तीच जागा आधी तोकडी पडते. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल रोज भरणं माझ्या पगारात बसत नाही, म्हणून ९५ ऑक्टेनवर मॅप (इंजिनाचं सॉफ्टवेअर), बस.

आणि गिअरबॉक्स. आरएसमध्ये सहा स्पीडचा डीक्यू२५० आहे, ओल्या (तेलात बुडालेल्या) क्लचचा, तब्येतीनं दणकट, पण कंपनी त्याचं गणित ३५० एनएमच्या आसपास धरते आणि माझं इंजिन तर कंपनीकडूनच तिथे उभं आहे. टॉर्क वाढवायचा तर गिअरबॉक्सचंही सॉफ्टवेअर करा, तेल दर ६० हजारला न चुकता बदला, आणि तरी एक दिवस क्लचपॅकचा खर्च येऊ शकतो हे धरून चाला.

हे सगळं जमेला धरून शेवटी हायब्रिड टर्बो घेतला. आयएस२० चंच घर, आत थोडं मोठं कॉम्प्रेसर व्हील, मजबूत थ्रस्ट बेअरिंग, नवा कोरा, हायस्पीड बॅलन्सिंगच्या रिपोर्टसकट. रिपोर्ट नसेल तर घेऊ नका, घासाघीस करून स्वस्तात मिळत असला तरी. बसवताना काकांनी जुनी ऑइल फीड लाईन फेकायला लावली. मी म्हटलं चांगली दिसते आहे की. त्यांनी ती वर्तमानपत्रावर आपटली तर काळा भुगा पडला, जळलेल्या तेलाचा. "हा भुगा नव्या बेअरिंगमध्ये गेला की पंधरा दिवसात परत माझ्याकडे याल तुम्ही." नवी लाईन, नवे तांब्याचे वॉशर, टर्बोच्या तोंडात हातानं तेल सोडलं, फ्यूल पंपाचा फ्यूज काढून नुसता स्टार्टर मारला, आणि तेलाचा दाब आल्यावरच इंजिन सुरू केलं.

मॅप मुद्दाम सभ्य ठेवला आहे. टॉर्क खालच्या आरपीएमला कापलेला, कारण १५०० वर सहाव्या गिअरमध्ये पाय दाबला की डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात अवेळी स्फोट होऊन पिस्टनचं वाटोळं होऊ शकतं. अडीच हजाराला गाडी पूर्वीसारखीच जागी होते, फरक चार हजाराच्या वर जाणवतो, जिथे आधी दम तुटायचा तिथे आता तुटत नाही. आयएस३८ वाल्या गाडीसोबत उभी केली तर हरेल, त्यात वाद नाही.

कागदाचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीशी जुळणार नाही असा बदल चालत नाही, आणि क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले टर्बो पाहून काय म्हणतील ही टांगती तलवार आहेच. मी लेखी कळवलं, तीन मेलनंतर उत्तर आलं की "आपली विनंती नोंदवली आहे". विनंती कसली, माहिती दिली होती. तो मेल प्रिंट काढून गाडीत ठेवला आहे.

बाबा परवा पहिल्यांदा मागे बसले. वर्धा रोडच्या डबलडेकरवर मी एकदाच थोडी दाबली. ते काही बोलले नाहीत. उतरताना विचारलं, "टायर बदलले का रे?" मी हो म्हणालो. सध्या डिसेंबर आहे, थंडीत कुणाचीही गाडी पळते, त्यामुळे खरा लॉग मे मध्ये काढणार आहे, दुपारी दोनला, त्याच सिग्नलवर.